पाकिटाची पाठ

आईच्या ताटात आता मीठ वाढलं जात नाही. ताटाच्या वरच्या कडेला, मधोमध, चिमूटभर मीठ ही तिची जन्मभराची सवय. पण रक्तदाबाची गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ असं बजावलं, आणि त्या दिवसापासून ती जागा तिने स्वतःहून रिकामी ठेवली. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. पापड सणासुदीपुरता उरला. आमटीत मीठ घालताना तिचा हात आखडू लागला. घरातल्यांची कुरकुर तिने निमूट ऐकून घेतली. एवढं करूनही रक्तदाबाचा आकडा म्हणावा तसा उतरेना. एका संध्याकाळी चहाबरोबर ती वाटीत शेव घेऊन बसली होती, तेव्हा मी ओट्यावरचं रिकामं पाकीट उलटं केलं. पाठीवरची अक्षरं इतकी बारीक की चष्म्यावर भिंग धरावं लागलं.

तक्ता सापडला. १०० ग्रॅम शेवेत सोडियम ८०० मिलिग्रॅम. शेजारच्या रकान्यात ‘एक सर्व्हिंग २० ग्रॅम’ आणि त्यापुढे दिवसाच्या मर्यादेच्या ८ टक्के. आठ टक्के वाचून कुणालाही हायसं वाटेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी २० ग्रॅम शेव मोजली. ती तळहाताच्या खळग्यात मावली. आईची वाटी ४० ग्रॅमची निघाली, आणि गप्पा रंगल्या की ती वाटी दुसऱ्यांदा भरते. सोडियमला अडीचने गुणलं की मिठाचं वजन मिळतं. म्हणजे त्या २०० ग्रॅमच्या पाकिटात ४ ग्रॅम मीठ होतं. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपली हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही सांगते. ताटातली चिमूट फार तर अर्ध्या ग्रॅमची. आईने ती सोडली आणि दोन वाट्या शेवेतून तिच्या तिप्पट मीठ पोटात गेलं. टोस्ट, ब्रेड, सॉस यांतलं निराळंच. पथ्य तिने मनापासून पाळलं होतं. ते कुठे मोडतंय हे तिला कळावं अशा आकारात कुणी छापलं नव्हतं, एवढंच.

सप्टेंबरचा पहिला आठवडा आपल्याकडे १९८२ पासून राष्ट्रीय पोषण सप्ताह म्हणून पाळला जातो. २०१८ पासून तर पोषण महिनाही पाळला जातो. अंगणवाड्यांत पाककृतींच्या स्पर्धा होतात, नाचणीचे लाडू नि शेवग्याच्या पानांची थालीपिठं मांडली जातात, शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात. अंगणवाडी सेविका उन्हातान्हात घरोघर जाऊन गरोदर बायकांना, लेकुरवाळ्यांना समजावतात. या कामाचं मोल मोठं आहे आणि ते करणाऱ्या बायकांच्या मानधनाकडे पाहिलं तर ते आणखीच मोठं वाटतं. पण या सगळ्या धामधुमीत पाकिटाच्या पाठीविषयी कुणी बोलत नाही. काय खावं हे लोकांना सांगण्याचा उत्साह आपल्याकडे भरपूर आहे. जे विकलं जातं त्यात काय आहे, हे विकणाऱ्याकडून स्वच्छ वदवून घ्यायची वेळ आली की मात्र आपला आवाज बसतो. यंदाच्या सप्ताहात तो आवाज निघावा, म्हणून हा लेख.

या विषयाची सुरुवात आपल्याच एका बाईपासून करता येते. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९११ सालचा जन्म. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी ‘बाई’ म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा त्या अडून बसल्या आणि प्रवेश मिळवला. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली, विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. परत आल्यावर काही काळाने त्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करू लागल्या. १९१८ मध्ये तिथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत बेरीबेरी या रोगाचा अभ्यास सुरू केला होता. त्याच रोपट्याची पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्यावर कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबाच्या खाण्यातल्या वस्तू तपासायला घेतल्या: कडधान्यं, डाळी, नीरा. दुर्गाबाईंनी ‘खमंग’ लिहून स्वयंपाकघरातला स्वाद आणि शहाणपण मांडलं. धाकटीने तेच स्वयंपाकघर परीक्षानळीतून पाहिलं. एकाच घरातल्या दोघींनी मराठी माणसाच्या ताटाकडे दोन बाजूंनी इतक्या गंभीरपणे पाहावं, याचं मला नेहमीच अप्रूप वाटत आलं आहे.

पण आज त्यांची आठवण येते ती निराळ्या कारणाने. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी एकत्र येऊन भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्था सुरू केली. कमलाबाई तिच्या कामात होत्या. १९८२-८३ मध्ये, म्हणजे देशात पहिला पोषण सप्ताह साजरा झाला त्याच सुमारास, त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. केंब्रिजला जाऊन आलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईला उतारवयात ग्राहकांसाठी झिजावंसं वाटलं, यातच सगळं आलं. अन्नात काय आहे हे प्रयोगशाळेला कळणं आणि ते विकत घेणाऱ्या बाईला कळणं, या दोन टोकांमधलं अंतर त्यांना खुपत होतं. साठ वर्षं होत आली. पाकिटं शेकडो पटींनी वाढली आणि ते अंतर अजून तिथेच आहे.

आता पाकिटावरच्या ‘दिवसाच्या गरजेच्या इतके टक्के’ या मजकुराकडे वळू. ही गरज कुणाची? २०२० च्या लेबलविषयक नियमांनी एक सरसकट माप ठरवून दिलं आहे: दिवसाला २००० किलोकॅलरी, एकूण स्निग्ध पदार्थ ६७ ग्रॅम, त्यांतले संपृक्त २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम. हे माप एका कल्पित प्रौढ माणसाचं. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० किलोकॅलरी पुरतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचेच तक्ते सांगतात. म्हणजे बालवाडीतलं पोर जो पुडा फोडतं, त्यावरचे टक्के त्याच्या बापाच्या हिशेबाने छापलेले असतात. साखरेचं तर आणखी निराळं. ५० ग्रॅम ही शिफारस नव्हे, वरची सीमा. वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं आहे. हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, घरातल्या चमच्याने पाच-सहा चमचे. ज्या बाटलीत २५ ग्रॅम साखर आहे तिच्यावर ५० टक्के छापलेलं असतं. शहाण्या मापाने मोजलं तर तो दिवसाचा सगळा वाटा असतो.

शिफारशींचे आकडे वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ते शास्त्रज्ञांनी लोकसंख्येसाठी काढलेले असतात. बहुतेक सर्व निरोगी माणसांची गरज भागेल इतकी उंच ती रेघ असते. तिच्या खाली गेलेला प्रत्येक जण आजारी पडतो असं नाही. शिवाय या आकड्यांत समाजाचं चित्र उमटतं. लोहाचंच पाहा. प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, बाईला २९. तिची गरज दीडपट, आणि आपल्या घरांतून शेवटी जेवणारी तीच. पातेल्याच्या तळाशी उरलेली आमटी, संपत आलेली पालेभाजी आणि वर घोटभर चहा. जेवणाला लागून घेतलेला चहा लोह नीट शोषू देत नाही. जेवणाआधी नि नंतर तासभर तो टाळावा, असं पोषण संस्था सांगते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलं आहे. याला औषधांच्या गोळ्या हव्यातच. पण ताटं एका वेळी मांडली जाणं, हाही त्यावरचा उपाय आहे आणि तो प्रत्येक घराच्या हातात आहे.

प्रथिनांवरून सध्या जो गलबला चालला आहे, त्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं म्हणणं पुन्हा वाचण्याजोगं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत त्यांनी संख्याशास्त्राचा विभाग वर्षानुवर्षं सांभाळला. गरीब देशांत प्रथिनांचा दुष्काळ आहे, म्हणून त्यांना खास प्रथिनयुक्त पदार्थ पुरवायला हवेत, असं त्या काळी जग म्हणत होतं. सुखात्मे आकडे मांडून म्हणाले की खरी तूट अन्नाची आहे. नेहमीचं धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातूनच भागते. आजची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६. पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहार-मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांतल्या दिवसाच्या ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे. धान्यातून सुमारे २५ ग्रॅम, डाळीतून १९, दुधातून १०. बेरीज ५४. शेंगदाणे-तीळ अजून धरलेच नाहीत. भाकरीत जे अमिनो आम्ल कमी पडतं ते पिठल्यात असतं, पिठल्यात जे कमी पडतं ते भाकरीत. वरणभात, उसळ-पोळी, खिचडी या साऱ्या जोड्या त्याच हिशेबाच्या. चिंता आहे ती ज्यांना ८५ ग्रॅम डाळ परवडत नाही त्यांची. तूरडाळीचा भाव चढला की घरातलं वरण पातळ होतं, आणि त्या घरात प्रथिनाची पावडर कुणी नेऊन देत नाही.

म्हणूनच शाळेतल्या पोषण आहाराला मी या राज्यातलं एक पवित्र काम मानतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. ही मापं कागदावर ठरलेली आहेत, त्यामुळे त्यांचा हिशेब मागता येतो. कित्येक मुलांचं दिवसातलं सर्वांत नेमकं जेवण तेच असतं.

पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शक ताटात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम आहेत. म्हणजे साधारण १२०० ग्रॅमच्या आहारात अर्ध्याच्या जवळपास वाटा भाज्या-फळांचा. पहिल्यांदा वाचताना हा आकडा अशक्य वाटतो. मग ऋषिपंचमीची भाजी आठवते. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी घरोघर शिजणारी ती मोठ्या पातेल्यातली भाजी. बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही हा त्या दिवसाचा नेम, म्हणून परसात, बांधावर, मांडवावर जे येईल ते: अळूची पानं आणि देठ, लाल माठ, अंबाडी, सुरण, दोडका, भेंडी, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे. फोडणी नावापुरती, मसाला जवळजवळ नाहीच. माझ्या लहानपणी शेजारच्या काकू ती भाजी डब्यातून पोचवायच्या आणि वर बजावायच्या, ‘वाडगाभर खा, चमचाभर नको.’ ४०० ग्रॅम म्हणजे दोन जेवणांत मिळून असे दोन वाडगे. वर्षातून एकदा हे आपल्याला जमतं. इतर दिवशी भाजी आपण तोंडीलावणं म्हणून घेतो आणि ताट भाताने नि पोळ्यांनी भरतो. धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांवर जाऊ नये, असं या तत्त्वांत सांगितलं आहे. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी त्याच्या बरीच पुढे गेलेली असते.

मराठी ताट वाढण्याची जी पद्धत आहे तिच्याकडे या नजरेने पाहिलं की जाणवतं, ते ताट स्वतःच एक वाचता येणारा तक्ता आहे. मीठ वर, चिमूटभर. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. लोणच्याची फोड एकच, चटणी बोटभर. उजवीकडे भाज्या, आमटी. कुठला पदार्थ किती खायचा हे त्याच्या जागेवरून नि आकारावरून कळतं; अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळतं. पालेभाजीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, हे विज्ञानाने नंतर सांगितलं. फोड आधीपासून ताटात होती. हे ताट सगळ्यांच्या वाट्याला आलं असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. जातीने आणि गरिबीने कित्येकांच्या पुढ्यात नुसती भाकरी नि मिरची ठेवली, आणि मेळघाटातली पोरं अजून कुपोषणाने दगावतात. तरी ताटाचा प्रामाणिकपणा हा धडा म्हणून घ्यायला हरकत नाही. जे आहे ते समोर, आणि किती घ्यायचं ते दिसतं.

पाकीट याच्या नेमकं उलट वागतं. पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या, दुधाची धार, हसरं मूल. आमच्या घरातल्या एका बिस्किटाच्या पुड्यावर असंच होतं. पाठीवरच्या घटकांच्या यादीत पहिली तीन नावं मैदा, साखर आणि पामतेल. हा क्रम महत्त्वाचा: कायद्याने घटक उतरत्या वजनाने लिहावे लागतात. जे सर्वांत जास्त ते पहिलं. आपल्या बाजूने असलेला हा एक साधा, भक्कम नियम आहे. एवढा जरी शाळेत शिकवला तरी पुष्कळ होईल. पाकिटावर ‘नाचणी’ मोठ्या अक्षरांत असेल तर यादीत नाचणी कितवी आहे आणि तिच्यापुढे किती टक्के लिहिलं आहे ते पाहावं. ज्या घटकाचा डंका पुढे वाजवला त्याचं प्रमाण मागे लिहिणं बंधनकारक आहे. मात्र साखर एकाच नावाने येत नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, मध, फळांच्या रसाचा घट्ट अर्क, अशा तुकड्या-तुकड्यांनी ती विखुरली की यादीत मागे सरकते. ‘साखरमुक्त’ लिहिलेल्या वस्तूत तूप-तेल भरपूर असू शकतं. शेंगदाण्याच्या तेलावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ छापतात तेव्हा ते खरंच असतं, कारण कुठल्याच वनस्पतीच्या तेलात ते नसतं.

यातलं सगळ्यांत जिव्हारी लागणारं उदाहरण ओआरएसचं. जुलाबाने गळालेल्या बाळाला द्यायचं ते पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. हे प्रमाण चुकलं, साखर वाढली, तर जुलाब आणखी वाढतात. आणि आपल्याकडे कितीतरी पट साखर असलेली गोड पेयं नावात ही तीन अक्षरं घालून औषधांच्या दुकानांतून विकली जात होती. घाबरलेली आई फडताळावरून जे उचलेल ते तिला जीवनदायी वाटणार. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं याविरुद्ध लढल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. एका डॉक्टरबाईला एवढी वर्षं झिजावं लागलं, त्या वर्षांत किती बाळांच्या तोंडी ती बाटली गेली असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

मग करायचं काय? लोकांनी लेबल वाचायला शिकावं हे खरं, आणि वर मी तेच सांगितलं. पण तेवढ्यावर भागवणं म्हणजे सगळं ओझं आईच्या भिंगावर टाकणं. शिवाय वाचायचं कुठल्या भाषेत? नियम सांगतो, मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत हवा. इतर भाषा चालतील, सक्ती नाही. व्यवहारात बहुतेक पाकिटांची पाठ निव्वळ इंग्रजी असते. जाहिरात मात्र मराठीत, मराठी नटनट्यांच्या तोंडून, घरगुती लाघवाने. विकताना जी भाषा येते ती सांगताना का येऊ नये? महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर निदान साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ आणि ॲलर्जीचे घटक मराठीत असावेत, अशी मागणी राज्य सरकारने केंद्राकडे लावून धरली पाहिजे. दुसरं, १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत पृष्ठभाग असलेल्या लहान वेष्टनांना घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापण्यापासून सूट आहे. तो मोठ्या पाकिटावर दिला की झालं. ही एक-दोन रुपयांची पुडी सुटी विकत घेतं कोण? वस्तीतलं पोर. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हातात कोरं वेष्टन.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे एक लेबल असं आहे जे निरक्षर माणूसही बिनचूक वाचतो: शाकाहाराचा हिरवा ठिपका. तो पाकिटाच्या पुढे असतो, त्याला भाषा लागत नाही, त्रैराशिक मांडावं लागत नाही. मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याचा २०२० च्या नियमांनी त्रिकोण केला, कारण रंगांधळ्या माणसाला हिरवा नि तपकिरी ठिपका सारखाच दिसतो. किती सुंदर काळजी ही! रंग न ओळखता येणाऱ्या शाकाहारी माणसाची जिथे एवढी कदर केली, तिथे मधुमेह्याची का नाही? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींवर सांगितली आहे. त्यांच्यासाठी पाकिटाच्या तोंडावर एवढंच हवं: साखर जास्त, मीठ जास्त, चरबी जास्त.

चिली या देशाने हे २०१६ पासून केलं. काळा अष्टकोन, त्यात दोन-तीन शब्द. मर्यादेबाहेरच्या प्रत्येक गोष्टीसाठी एक, म्हणजे एका पाकिटावर तीन-चारही असू शकतात. असे पदार्थ शाळांत विकायला बंदी, मुलांना भुरळ घालणाऱ्या जाहिरातींना बंदी. पुढच्या दीड वर्षात तिथल्या घरांतली गोड पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांना आढळलं, आणि अष्टकोन टाळण्यासाठी कंपन्यांनी स्वतःहून साखर-मीठ उतरवलं. आपल्याकडे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मसुदा आला तो ताऱ्यांचा: अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. साखरेत घोळलेल्या न्याहारीत थोडे बदाम टाकले की तारे वाढतात आणि साखर त्यामागे लपते, हा त्यावरचा आक्षेप मला पटतो. तारा बक्षिसासारखा वाटतो; इशाऱ्यासाठी तो चुकीचं चिन्ह आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर शिफारशी देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत घालून दिली, जुलैत ती वाढवून दिली. मसुदे, हरकती, मुदती, मुदतवाढी यांत एवढा काळ जायला नको होता. ठरवलं की जमतं, हे आपण ट्रान्स फॅटच्या बाबतीत दाखवलं आहे. पायरीपायरीने उतरवत जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली.

उद्योगांकडून एक मुद्दा नेहमी पुढे येतो: असा इशारा आला तर आपले पापड, लोणची, फरसाण, मिठाई सगळ्यांवर तो बसेल, आणि परंपरा बदनाम होईल. बसेल, हे खरं आहे. पण लोणच्यात मीठ जास्त असतं हे आपल्या आज्यांपासून कुणी लपवलं नव्हतं. म्हणून तर ताटात त्याची एकच फोड. परंपरेला आपलं प्रमाण ठाऊक होतं. ज्या बचत गटाच्या बायका पापड-मसाले करून संसार चालवतात त्यांना तपासणीचा नि छपाईचा खर्च सरकारने उचलून द्यावा, ही मागणी रास्त आहे आणि मी तिच्या बाजूने उभा राहीन. मोठ्यांनी त्यांच्या आडोशाला उभं राहू नये.

शाळांकडून थोडी आशा वाटते. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं: कोणत्या खाऊत, कोणत्या पेयात किती साखर आहे ते मुलांना रोज दिसेल असा फलक. राज्य मंडळाच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांत तो मराठीत लागावा. खर्च एका फळ्याचा आणि खडूचा आहे. चौथीच्या पोरांना रिकामी पाकिटं आणायला सांगून गणिताच्या तासाला सोडियमला अडीचने गुणायला लावावं. ती पोरं संध्याकाळी घरी जाऊन डबे उघडतील.

आमच्या घरात पाकीट आणलं की लगेच बरणीत रिकामं होतं आणि तक्ता केराच्या टोपलीत जातो. बहुतेक घरांत असंच होतं. त्या संध्याकाळी आईने माझ्या हातातलं पाकीट मागून घेतलं, कात्रीने पाठीचा तेवढा चौकोन कापला आणि बरणीच्या झाकणावर चिकटपट्टीने लावला. ते इंग्रजी तिला वाचता येत नाही. म्हणून त्याच्या खाली कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदाची पट्टी डकवून तिने स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘एक वाटी. मीठ पाऊण ग्रॅमवर.’ मग टोस्टचा डबा पुढे ओढला आणि म्हणाली, ‘आता याचं सांग.’